नऊ जणांचा कारखाना

ताईंच्या कारखान्यात नऊ माणसं होती. वर्षानुवर्षं नऊच. कुणी थकून घरी बसलं तर त्याच्या जागी दुसरं यायचं, पण आकडा काही हलायचा नाही. एखादं नवं गिऱ्हाईक आश्चर्यानं विचारायचं, "एवढं काम, आणि माणसं एवढीच?" ताई हातातलं खोकं खाली न ठेवता म्हणायच्या, "नऊ आहेत तोवर बरं चाललंय. दहावा आला की नाकी नऊ येतील."

कारखाना म्हणजे तरी काय, घरामागच्या दोन खोल्या, मधली भिंत पाडून एक केलेल्या. तिथे पुठ्ठ्याची खोकी व्हायची. बुटांची, औषधांची, केकची, कधीमधी टोप्यांची. ताईंच्या वडिलांनी हे काम सुरू केलं होतं. सातव्या वर्षी ताईंना झाकण जोडता यायचं, दहाव्या वर्षी पुठ्ठ्यावर नुसता अंगठा फिरवून त्याची जाडी सांगता यायची. त्या सव्वीस वर्षांच्या झाल्या आणि वडिलांची नजर अधू झाली. मोठा भाऊ केव्हाच नोकरीला दूर गेला होता. कारभार ताईंच्या गळ्यात पडला, असं नातेवाईक हळहळून म्हणत. ताईंना तो मनातून हवाच होता, हे फक्त त्यांच्या नवऱ्याला माहीत होतं.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. मास्तरांना खोक्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांचं अक्षर असं होतं की अर्ज वाचणाऱ्यानं क्षणभर मजकूर विसरून अक्षरच बघत बसावं. त्यामुळे कारखान्याचे सगळे अर्ज, पत्रं, खुलासे त्यांच्याकडे. संध्याकाळी शाळेतून आले की चहाचा कप घेऊन ते पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसायचे आणि विचारायचे, "काय, आज सरकारला काय कळवायचंय?"

आज बहात्तराव्या वर्षी ताईंना त्या खोल्या आठवतात त्या आधी वासानं. कोपऱ्यात स्टोव्हवर खळ शिजत असायची. ती शिजवणाऱ्या काकू रोज खळीत चिमूटभर मोरचूद टाकायच्या, कीड लागू नये म्हणून, आणि रोज ओरडायच्या, "हात धुतल्याशिवाय डब्याला शिवू नका रे, एक दिवस सगळे निळे व्हाल!" खिडकीशी कापायचं मशीन. त्यावर मामा. मामा म्हणजे ताईंचे सख्खे मामा नव्हेत, वडिलांच्या वेळचे कारागीर. त्यांनी दांडा ओढला की खट्‌ करून आवाज यायचा आणि पुठ्ठा लोण्यासारखा कापला जायचा. मधे लांबलचक टेबल. त्याच्या दोन्ही बाजूंना सहाजण, कुणी घड्या पाडतंय, कुणी कोपऱ्याला कागदी पट्टी लावतंय. ताई टेबलाच्या टोकाला. खोकी वर चढत जायची आणि समोरच्याचा चेहरा दिसेनासा व्हायचा, मग बोलणं खोक्यांच्या भिंतीवरून व्हायचं. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाचा नवरा काय म्हणाला, कुणाच्या मुलीला बघायला कोण आलं, सगळं त्या भिंतीवरून. एकदा अख्ख्या टेबलानं मिळून काकूंच्या जावयाचा रुसवा काढण्यासाठी पत्र लिहिलं होतं. मास्तरांनी ते आपल्या अक्षरात उतरवलं. जावई आला, पण पुढे वर्षभर प्रत्येक पत्राला उत्तर मास्तरांनाच पाठवत राहिला.

आता नऊचंच कारण सांगायला हवं. कायदा असा होता की नऊ माणसांपर्यंत ते घरगुती काम. दहावा माणूस ठेवला की त्या दिवसापासून कारखाना. मग परवाना वेगळा, तपासणी वेगळी, चौदा रजिस्टरं वेगळी. हजेरीचं, रजेचं, अपघाताचं ही तर झालीच, पण भिंतींना चुना कधी लावला याचं रजिस्टर आणि पिण्याच्या पाण्याची टाकी कधी घासली याचंही. कराचंही तसंच. घरगुती खोक्याला एक कर, कारखान्याच्या खोक्याला त्याच्या तिप्पट. खोकं तेच, पुठ्ठा तोच, खळसुद्धा काकूंचीच. वडिलांनी कारभार सोपवताना ताईंना एवढंच बजावलं होतं, "नऊ जण असले की आपण आपले राजे. दहावा आला की रोज कुणीतरी साहेब दारात."

ताईंनी ते ऐकलं आणि मनाशी गाठ बांधली. पण एक मुलगी त्यांना ते विसरू देत नव्हती.

पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याची ही मुलगी. उंचीमुळे सगळे तिला लांबी म्हणायचे. बारावी झालेली, हाताला चलाख, घरात पाठची दोन भावंडं. ती दर सोमवारी सकाळी दारात उभी राहायची. आत यायची नाही, चौकटीला टेकून विचारायची, "ताई, जागा झाली का?"

"नाही गं बाई."

"बरं. पुढच्या सोमवारी येते."

ना रुसवा, ना गयावया. जाताना उंबऱ्यापाशी पडलेली दोन खोकी उचलून चवडीवर ठेवायची आणि जायची. अशी चार वर्षं. मामा एकदा म्हणाले, "पोरी, मी घरी बसतो, हिला घे." ताई म्हणाल्या, "तुम्ही बसाल, पण मशीनवर कोण बसेल? आणि घरी बसून तुम्ही मामींना छळाल." मामा हसले, पण ताईंना काही ते हसण्यावारी नेता आलं नाही. काम होतं. कामाला माणूस होतं. दोघांच्या मधे काय होतं, तर एक आकडा.

त्याच सुमारास बुटांच्या व्यापाऱ्यानं मोठी मागणी पुढे केली. तो तीन शहरांत दुकानं काढणार होता. "ताई, खोकी तुमचीच हवीत. पण आत्तापेक्षा चौपट लागतील. जमेल?" सहा माणसं वाढवली तर जमणार होतं. त्या दिवशी ताईंनी मास्तरांना सांगितलं, "आपण अर्ज करू. एकदाच काय ते होऊन जाऊ दे. कारखाना तर कारखाना!"

मास्तरांनी नवी निब घातली. अर्ज इतका देखणा झाला की ताईंना तो द्यावासाच वाटेना.

पुढचे अकरा महिने ताईंनी कचेरीच्या पायऱ्यांवर चपला झिजवल्या. पहिल्या खिडकीवर सांगितलं, जागेचा दाखला आणा. जागेच्या खिडकीवर सांगितलं, आधी परवान्याचा नंबर आणा. परवान्याचा नंबर पहिल्या खिडकीवर मिळायचा, जागेचा दाखला दाखवल्यावर. ताईंनी तिथल्या कारकुनाला विचारलं, "म्हणजे मी नक्की कुठून सुरुवात करू?" तो माणूस वाईट नव्हता. त्यानं चष्मा काढून पुसला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "बाई, मला इथे सहा वर्षं झाली, मलाही कळलेलं नाही." मग नकाशा हवा, नकाशात खिडक्या किती, खिडकी आणि माणूस यांचं प्रमाण काय. दोनदा फाईल हरवली. एकदा सापडली ती दुसऱ्याच कुणाच्या पिठाच्या गिरणीच्या फाईलमधे. अकराव्या महिन्यात ताईंनी तो नाद सोडला.

बुटांचा व्यापारी चार महिने थांबला. भला माणूस होता, स्वतः येऊन सांगून गेला. "ताई, माझा नाइलाज आहे. दुकानं उघडली, बूट काय पिशवीत देऊ?" मागणी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्याकडे गेली. पुढच्या सोमवारी लांबी दारात आली ती पिशवी घेऊन. तीही त्याच शहराला निघाली होती. "तिकडच्या खोक्याच्या कारखान्यात माणसं घेतायत म्हणे," ती म्हणाली. "इथे राहून चाललं असतं तर बरं झालं असतं. आईला सांभाळता आलं असतं." ताई आत गेल्या. त्यांनी तिला वाटेत खायला काहीतरी बांधून दिलं, एका खोक्यात. ती गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो ताई दारात उभ्या होत्या. मग आत येऊन टेबलाशी बसल्या आणि त्यांनी पुढचं खोकं हातात घेतलं.

मागे एकदा मामांचं बोट मशीनमधे गेलं होतं, तेही इथे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं अर्धवट वाटेल. डाव्या हाताचं, पहिलं पेर. दवाखान्यातून आल्यावर ताई सुन्न होऊन बसल्या होत्या, तेवढ्यात कामगार खात्याचे एक निरीक्षक आले. सुकलेल्या चेहऱ्याचा, घामेजलेला माणूस. त्यांनी मशीन खालून वरून पाहिलं आणि म्हणाले, "पात्यापुढे जाळी बसवा. दोन्ही हात दांड्यावर असल्याशिवाय पातं खालीच येणार नाही अशी सोय मिळते. तुम्ही नऊ जण आहात, मला तुमच्यावर सक्ती करता येत नाही. पण बसवा." ताईंनी आठवड्याच्या आत जाळी बसवली. पुन्हा कुणाचं नख दुखावलं नाही. त्यामुळे सरकारी साहेब म्हटला की शिव्या, अशी ताईंची तऱ्हा कधीच नव्हती.

लांबी गेल्यावर तीन वर्षांनी सरकारनं एक समिती नेमली. छोट्या धंद्यांत माणसं का वाढत नाहीत, ते शोधून काढायला. समिती गावोगाव फिरून लोकांचं ऐकणार होती. व्यापाऱ्यांच्या संघात चर्चा झाली, कोण बोलणार? सगळे एकमेकांकडे बघू लागले. बोललं तर उद्या तपासणी यायची, ही भीती. शेवटी छापखान्याचे मालक म्हणाले, "ताईंना पाठवा. त्या कुणाला घाबरत नाहीत." ताई घरी येऊन मास्तरांना म्हणाल्या, "मी घाबरते हो. पण यांच्याइतकी नाही."

मास्तरांनी भाषण लिहून दिलं. दोन पानं, सुरेख. सभागृहात आपली पाळी आल्यावर ताईंनी ते उघडलं आणि चष्मा घरी राहिल्याचं लक्षात आलं. मास्तरांचं अक्षर कितीही सुंदर असलं तरी चष्म्याशिवाय त्या मुंग्याच. ताईंनी कागद मिटला आणि सोबत आणलेलं मोठं खोकं टेबलावर ठेवलं. त्यातून एकेक करून चौदा कोरी रजिस्टरं काढून मांडली.

"दहावा माणूस ठेवायचा तर मला ही सगळी रोज भरावी लागतील," त्या म्हणाल्या. "ही भरायला मला अकरावा माणूस ठेवावा लागेल. आणि त्यानं खोकं तर एकही करायचं नाही."

लोक हसले. समितीचे अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे गृहस्थ, तेही हसले. पण कामगार संघटनेचे एक पुढारी उठून उभे राहिले. "बाई, हसणं सोपं आहे. हे नियम कामगारांच्या रक्तातून आलेत. ते काढले की मालक मोकाट सुटतील. तुमच्याकडे कुणाचं बोट गेलं तर कोण विचारणार?"

ताई म्हणाल्या, "बोट गेलंय. माझ्या मामांचं. तुम्ही म्हणता ते खरं आहे, दादा. जाळीचा नियम ठेवा. तो नऊ माणसांनाही लावा, एका माणसालाही लावा. पण भिंतीला चुना कधी लावला याच्या रजिस्टरानं कुणाचं बोट वाचत नाही. जाळी बघायला जो साहेब यायला हवा, तो बिचारा चुन्याची रजिस्टरं तपासत बसलाय. माझ्या दारात एक मुलगी चार वर्षं दर सोमवारी यायची. तिला काम नको होतं का? मला माणूस नको होतं का? आम्हा दोघींना तुमच्या कुठल्या नियमानं वाचवलं, एवढं मला कुणीतरी सांगा."

पुढारी बसता बसता म्हणाले, "जाळीचं लिहून घ्या." अध्यक्षांनी विचारलं, "आणि कराचं काय म्हणणं आहे?" ताईंनी टेबलावरचं मोकळं झालेलं खोकं उचललं. "साहेब, हे नऊ जणांनी केलंय की दहा जणांनी, ओळखून दाखवा. ओळखता आलं तर मी तिप्पट कर भरते."

परतीच्या बसमधे मास्तर भाषणाची दोन पानं उलगडून बघत होते. मग म्हणाले, "माझ्या भाषणातलं एक वाक्यही घेतलं नाहीस."

"चष्मा विसरले हो."

"बरं झालं विसरलीस," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी ताईंच्या हातावर हात ठेवला. भर बसमधे, शाळेतली मुलं मागच्या बाकावर असताना. ताईंना ते कायद्यापेक्षाही जास्त आठवतं.

कायदा बदलायला आणखी दोन वर्षं लागली. एका सकाळी मास्तर वर्तमानपत्र नाचवत मागच्या खोलीत आले आणि टेबलाच्या टोकाला उभं राहून मोठ्यानं वाचू लागले. कारखान्याची मर्यादा नवावरून चाळीसवर. चौदा रजिस्टरांऐवजी वर्षातून एक चार पानी अर्ज. खोक्याला सगळीकडे एकच कर, तोही पूर्वीच्या कारखान्याच्या करापेक्षा कमी. नवीन माणूस कामाला ठेवणाऱ्याला तीन वर्षं करात सूट. आणि पात्याच्या मशीनला जाळी सर्वांना सक्तीची. मामांनी आपलं अर्धं बोट वर करून दाखवलं. "हे माझं!" काकू हसता हसता रडल्या आणि त्या दिवशी खळ लागली.

ताईंनी त्याच दिवशी लांबीला पत्र टाकलं. उत्तर पंधरा दिवसांनी आलं. लांबी आता तिकडे पंचवीस बायकांवर देखरेख करत होती, लग्न झालं होतं, मूल होतं. तिनं लिहिलं होतं, "ताई, मला आता इथून निघवत नाही. तुम्ही आठवण ठेवलीत, वाचून मी जिन्यात बसून रडले. माझी भावजय घरी आहे, हाताला चांगली आहे. तिला घ्या." ताईंनी ते पत्र दोनदा वाचलं. आनंद झाला, आणि आत कुठेतरी रुखरुखही लागली. जी हवी होती ती आलीच नाही. पण भावजय आली. ती दहावी. पहिल्या दिवशी ती संकोचून उभी राहिली, तर मामा आपलं स्टूल तिच्याकडे सरकवत म्हणाले, "बस गं, तुझ्यासाठी देशाचा कायदा बदलावा लागलाय."

मग अकरावा आला, पंधरावी आली. बुटांचा व्यापारी परत आला. तीन वर्षांत माणसं चौतीस झाली आणि खोल्या पुरेनात, तेव्हा गावाबाहेर पत्र्याची उंच शेड घेतली. छापखान्यानंही माणसं वाढवली, पिठाच्या गिरणीनंही. सगळ्यांचंच सरळ झालं असं मात्र नाही. मेणबत्त्या करणाऱ्या एकानं नियम सुटले म्हणून पंखे काढून टाकले आणि पाण्याची टाकी कोरडी ठेवली. ताई संघाच्या बैठकीत त्याच्यावर अशा कडाडल्या की कुणाला मधे पडायची छाती झाली नाही. "तुझ्यासाठी नाही बोलले मी तिथे!" त्या म्हणाल्या. आपल्या शेडमधे त्यांनी अपघाताचं रजिस्टर स्वतःहून चालू ठेवलं. त्यातली बहुतेक पानं कोरीच राहिली.

आता शेड ताईंची सून सांभाळते. हुशार आहे, कडक आहे, चाळीसच्या पुढेही गेली आणि पुढचे नियमही नीट पाळते. मास्तरांना जाऊन आठ वर्षं झाली. मामा, काकू त्यांच्याही आधी गेले. घरामागच्या दोन खोल्यांत आता जुना पुठ्ठा पडून असतो. ताई कधी दुपारी तिथे जाऊन बसतात. त्यांना स्वतःचंच हसू येतं. ज्या नवाच्या आकड्याशी आयुष्यभर भांडलो, त्या नवाचीच इतकी आठवण यावी! नऊ जणांत कुणाचं डोकं दुखतंय ते आवाजावरून कळायचं. शेडमधे अठ्ठावन्न जण आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांची घरं ताईंनी पाहिलेलीसुद्धा नाहीत. सुनेला एकदा त्या हे म्हणाल्या. सून म्हणाली, "मग काय आई, पुन्हा नऊ करायची का?"

"वेडी आहेस का?" ताई म्हणाल्या. "आठवण येते म्हणून कुणाला घरी पाठवतात का?"

आठवड्यातून तीन दिवस त्या रिक्षानं शेडवर जातात. नवीन आलेल्यांना कोपऱ्याची पट्टी लावायला शिकवतात, कारण मशीननं ती अजून त्यांच्यासारखी बसत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. साडेपाचला भोंगा झाला की त्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात. माणसं बोलत बोलत बाहेर पडतात, सायकली काढतात, बसच्या दिशेनं पळतात. कुणी म्हणतं, "येते हं, ताई." कुणी घाईत म्हणायचं विसरतं. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ताई हलत नाहीत. रिक्षावाला हॉर्न वाजवतो, आणि त्या हातानंच त्याला थांब म्हणतात.